हरितगृहातील नियंत्रक फलक व त्याची तारेची जोडणी

हरितगृहात जरबेरा, कार्नेशन, गुलाब अथवा रंगीत ढोबळी मिरची घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी अलीकडे एक लहानसा हिरवा फलक दिसू लागला आहे. आगपेटीहून थोडा मोठा असा हा फलक आतील तापमान व आर्द्रता मोजतो, पंखे व फॉगर चालू-बंद करतो आणि ही सर्व माहिती मालकाच्या मोबाइलवर पाठवितो. त्याच्या पोटात बहुधा ईएसपी ३२ नावाची चिप असते. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीने ती २०१६ साली बाजारात आणली. वायफाय तिच्यात अंगचेच आहे. असे असूनही पुष्कळ शेतकरी तिला तारेने जोडणे पसंत करतात, आणि त्यांचे हे करणे योग्यच आहे. या चिपचे वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. पाण्याने भरलेली दाट पाने आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपांचा सांगाडा यांतून जाताना या लहरी लवकर क्षीण होतात. पीक लहान असताना उत्तम चालणारे वायफाय पीक छातीएवढे झाले की अडखळू लागते, असा अनुभव वारंवार येतो.

तारेची जोडणी अशी अडखळत नाही. मात्र ती एकदा बिघडली म्हणजे दोष कोठे आहे हे चटकन उमगत नाही, आणि तेवढ्या वेळात पिकाचे नुकसान होऊ शकते. येथे एक धोका विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जोडणी तुटली तरी मोबाइलवरील आकडा पुसला जात नाही. शेवटचे मोजमाप २८ अंशांचे असेल तर तेच २८ अंश तासन् तास दिसत राहतात. मालक निश्चिंत असतो आणि एप्रिलमधील दुपारी पंखे बंद पडलेल्या हरितगृहात पाने करपू लागतात. सबब प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा मोजला ती वेळ दिसलीच पाहिजे, अशी अट फलक बसवून देणाऱ्याला प्रथमच घालावी. दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. पंखे चालू करण्याचा निर्णय फलकाने जागच्या जागी घ्यावा. त्यासाठी त्याने दूरच्या संगणकाच्या आज्ञेची वाट पाहू नये. तार तुटली तर खबर थांबेल, परंतु पंखा थांबता कामा नये.

आता दोष शोधण्याकडे वळू. पुढील विवेचन डब्ल्यूटी ३२–ईटीएच ०१ या नावाने विकल्या जाणाऱ्या फलकाला धरून केले आहे, कारण तारेच्या जोडणीसाठी हा फलक स्वस्त व सर्वत्र मिळणारा आहे. इतर फलकांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

प्रथम या फलकाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, नाहीतर दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणे होय. ईएसपी ३२ चिपला तारेवर काय पाठवावे हे कळते, परंतु तारेवर प्रत्यक्ष विद्युत्स्पंद सोडण्याचे काम तिला येत नाही. ते काम लॅन ८७२० नावाची दुसरी, नखाएवढी चिप करते. मालकाने पत्राचा मजकूर सांगावा आणि कारकुनाने तो लिहून टपालात टाकावा, तसे या दोघींचे नाते आहे. या दोन चिपांना एका तालावर चालविण्यासाठी फलकावर सेकंदाला ५ कोटी ठोके देणारे एक स्फटिक-घड्याळ बसविलेले असते. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: विजेच्या पुरवठ्यात, तारेत, या दोन चिपांच्या संवादात, अथवा पलीकडील राउटरशी होणाऱ्या देवाणघेवाणीत. तपासणीही शक्यतो याच क्रमाने करावी. पुष्कळ वायरमन आरंभीच तार बदलतात. तार महाग नसली तरी तीस-चाळीस मीटर तार पुन्हा ओढण्यात अर्धा दिवस जातो आणि दोष तेथे नसेल तर तो अर्धा दिवस फुकट जातो.

विजेचा पुरवठा

या फलकाला ५ व्होल्ट किंवा ३.३ व्होल्ट यांपैकी एकच पुरवठा द्यावयाचा असतो. दोन्ही एकदम जोडू नयेत. बहुतेक ठिकाणी ५ व्होल्टचा चार्जर पंपघरात बसवितात आणि तेथून बारीक तारेने वीज हरितगृहाच्या मध्यापर्यंत नेतात. येथेच चूक होते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ३० मीटर नेली तर जाणे व येणे मिळून ६० मीटर होतात आणि त्यांचा रोध सुमारे २ ओहम भरतो. फलकाने अर्धा अँपिअर प्रवाह ओढला की वाटेतच १ व्होल्ट खर्ची पडतो आणि फलकाच्या दाराशी ५ ऐवजी ४ व्होल्ट उरतात. चिप अशा वेळी सरळ बंद पडत नाही. ती चालू होते, थोडा वेळ काम करते आणि वायफाय व तार दोन्ही एकदम कामाला लागली की कोसळून पुन्हा आरंभापासून सुरू होते. वरवर पाहता मात्र ‘नेटवर्क सारखे जाते’ एवढेच दिसते.

म्हणून मल्टीमीटरने व्होल्टेज मोजताना ते चार्जरपाशी न मोजता फलकाच्या पिनांवर, फलक चालू असताना मोजावे. तेथे ४.८ व्होल्टहून कमी भरल्यास अन्य काही तपासण्यापूर्वी हा दोष दूर करावा. १२ व्होल्टचा पुरवठा फलकापर्यंत नेऊन तेथे लहान परिवर्तकाने ५ व्होल्ट करणे हा उत्तम उपाय होय. सोलेनॉइड वाल्व्ह व रिले यांना त्याच चार्जरवरून वीज देण्याचा मोह टाळावा.

दिव्यांची भाषा

वीज ठीक असेल तर तारेच्या जॅकवरील दोन बारीक दिव्यांकडे पाहावे. त्याचबरोबर तारेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे स्विच किंवा राउटरवर, त्याच पोर्टचा दिवा लागला आहे काय हेही पाहावे.

दिवा लागला याचा अर्थ तार शाबूत आहे आणि लॅन ८७२० चिपने पलीकडल्या स्विचशी ओळख करून घेतली आहे, इतकाच होतो. ही ओळख ती चिप स्वतःच करून घेते. ईएसपी ३२ ला त्याची खबर असेलच असे नाही. वरच्या दाखल्यात बोलायचे तर कारकून टपालघराशी बोलतो आहे, पण मालकाशी बोलतो आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. तेव्हा दिवा लागलेला असूनही माहिती येत नसेल तर तारेला हात न लावता दोष फलकाच्या मांडणीत किंवा राउटरमध्ये शोधावा.

दिवा मुळीच लागत नसेल तर मात्र सर्वांचा संशय तारेवर जातो. या फलकापुरती येथे एक मेख आहे. त्यावरील घड्याळ आपोआप सुरू होत नाही. ईएसपी ३२ ने क्रमांक १६ ची पिन उंचावली, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज दिले, तरच घड्याळ चालू होते, आणि घड्याळावाचून लॅन ८७२० निश्चेष्ट असते. प्रोग्राममध्ये ही पिन लिहावयाची राहून गेली असेल तर नवी कोरी तार जोडूनही दिवा लागणार नाही. याचा निवाडा सोपा आहे: एक-दोन मीटरची, दुकानातून तयार आणलेली तार घेऊन फलक थेट राउटरपाशी नेऊन जोडावा. तेथेही दिवा लागला नाही तर दोष फलकात किंवा प्रोग्राममध्ये आहे. तेथे दिवा लागला आणि हरितगृहात लागला नाही, तर दोष तारेत आहे.

तारेचे दोष

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची ही जोडणी १९९५ साली प्रमाणित झाली. तिच्यासाठी तारेतील आठांपैकी चारच तारा उपयोगात येतात: क्रमांक १ व २ ही एक जोडी आणि ३ व ६ ही दुसरी जोडी. जोडीतील दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन बसविलेल्या असतात. बाहेरून येणारा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि त्यांच्यातील फरक वाचणाऱ्या चिपला तो जाणवत नाही. हा पीळच तारेचा प्राण आहे.

आता गावातील कारागीर काय करतो पाहा. पहिल्या जोडीच्या दोन तारा तो १ व २ मध्ये बसवितो, दुसऱ्या जोडीच्या ३ व ४ मध्ये, तिसरीच्या ५ व ६ मध्ये, याप्रमाणे. दोन्ही टोकांना रंग सारखेच असतात. आठ दिव्यांचा तपासनीस लावला की आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम चोख झाले असे वाटते. प्रत्यक्षात ३ व ६ या तारा आता दोन निरनिराळ्या पिळांत गेलेल्या असतात. पाच मीटरवर अशी तार चालून जाते. चाळीस मीटरवर ती कधी चालते, कधी चालत नाही आणि पंपाचा स्टार्टर ओढला की हमखास जाते. आठ दिव्यांच्या तपासनिसाला हा दोष कधीही सापडत नाही; तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. प्लगची पितळी टोके आपल्याकडे व खिटी खालच्या बाजूला ठेवून डावीकडून क्रम असा असावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी बसलेली आहे, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा व प्लगपाशी पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये.

तारेची लांबी एकूण १०० मीटरपर्यंतच धरावी. त्यापुढे जावयाचे असल्यास मध्ये स्विच बसवावा किंवा प्रकाशतंतूची तार घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा बराच अधिक असतो आणि वाकविल्यावर ती लवकर मोडते. चाकूने तार खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसल्यास ती हरितगृहासाठी घेऊ नये. घरातील करड्या वेष्टनाची तार उन्हात तडकते व तीत पाणी शिरते. बाहेर वापरण्यासाठी काळ्या पॉलिथिलीन वेष्टनाची तार मिळते, तीच घ्यावी.

हरितगृहातील हवेचा परिणामही कमी नसतो. फॉगरचा ओलावा, गंधकाची धुरी आणि विद्राव्य खतांचे तुषार यांमुळे प्लगवरील सोन्याचा पातळ मुलामा दोन हंगामांत निघून हिरवट बुरशीसारखा थर चढलेला दिसणे नवल नाही. असा प्लग कापून टाकून नवा बसवावा. घासून चालविण्यात अर्थ नाही. फलकाच्या पेटीत तारा नेहमी खालच्या बाजूने आत घ्याव्यात आणि पेटीपूर्वी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलापाशी गळून पडते व जॅकमध्ये जात नाही.

तीन फेजच्या मोटारीच्या केबलला लागून ही तार नेऊ नये. निदान फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडावयाचीच झाल्यास काटकोनात ओलांडावी. उंदरांनी तार कुरतडणे हा तर शेतावरील नित्याचा प्रकार आहे. अशा वेळी नारिंगी किंवा हिरवी जोडी तुटली असून निळी व तपकिरी शाबूत असतील, तर दोन्ही टोकांना तुटलेल्या जोडीच्या जागी शाबूत जोडी बसवून नवी तार येईपर्यंत काम भागविता येते. मात्र ज्या ठिकाणी कॅमेरेवाल्याने याच रिकाम्या जोड्यांतून १२ व्होल्ट सोडलेले असतील, तेथे हा उपाय करू नये आणि अशी तार फलकाला थेट लावूही नये. जॅकमागील बारीक रोधक जळण्याची भीती असते.

एका इमारतीतून दुसरीत खांबांवरून ओढलेली तांब्याची तार वळवाच्या पावसात फार धोक्याची ठरते. प्रत्यक्ष वीज कोसळण्याची गरज नाही. जवळपास पडलेल्या विजेनेही तारेत एवढा दाब उत्पन्न होतो की दोन्ही टोकांची यंत्रे एकाच क्षणी निकामी होतात. घर व हरितगृह यांमध्ये प्रकाशतंतूची तार टाकणे थोडे खर्चाचे असले तरी काचेतून वीज वाहत नाही, हा तिचा गुण या एकाच कारणासाठी पैसे वसूल करणारा आहे.

फलकातील दोष

तार निर्दोष असून फलक बोलत नसेल, तर तो संगणकाला जोडून तो काय सांगतो ते वाचावे लागते. या फलकाला यूएसबीचे तोंड नाही; त्यासाठी वेगळा जोडक घ्यावा लागतो आणि त्याच्या संदेशतारा ३.३ व्होल्टच्याच असाव्यात. ५ व्होल्टच्या संदेशांनी चिपला इजा होते.

पडद्यावर ‘रीसेट टाइमआउट’ असा संदेश आला तर घड्याळाचे ठोके ईएसपी ३२ पर्यंत पोचत नाहीत असे समजावे. क्रमांक १६ ची पिन प्रोग्राममध्ये दिली आहे काय व घड्याळ क्रमांक ० च्या पिनवर आत येते असे लिहिले आहे काय, हे पाहावे. लॅन ८७२० सापडतच नाही असा संदेश असेल तर बहुधा तिचा पत्ता चुकलेला असतो. हा पत्ता ० किंवा १ असतो. प्रस्तुत फलकावर तो १ आहे. दुसऱ्या फलकासाठी लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा उतरविला की ही चूक होते. शिवाय आर्डुइनोच्या साधनसंचाची तिसरी आवृत्ती २०२४ साली निघाली, तेव्हा जोडणी सुरू करण्याच्या आज्ञेतील आकड्यांचा क्रमच बदलला. त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेला व आजवर बिनतक्रार चाललेला प्रोग्राम नव्या संचावर पुन्हा चढविला असता जोडणी होत नाही. फलक बिघडला म्हणून तो टाकून देण्यापूर्वी हे पाहावे.

काही मंडळी काटकसरीसाठी साधा ईएसपी ३२ फलक व लॅन ८७२० चा सुटा फलक घेऊन दोहोंना तारांनी जोडतात. विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून हे करणे ठीक आहे. पिकाचा भरवसा अशा जोडणीवर ठेवणे उचित नव्हे. एक तर ५ कोटी ठोक्यांचे घड्याळ वीतभर लोंबणाऱ्या तारांतून नीट वाहत नाही. दुसरे कारण अधिक खोलात आहे. ईएसपी ३२ ची क्रमांक ० ची पिन दोन कामे करते. चिप जागी होते त्या क्षणी ही पिन खाली असेल, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज नसेल, तर ‘नवा प्रोग्राम येणार आहे’ असे समजून चिप थांबून राहते. नंतर हीच पिन घड्याळाचे ठोके घेते. सुट्या फलकावरील घड्याळ वीज येताच धावू लागते. चिपने पाहिले त्या क्षणी ठोका वर असेल तर ती सुरू होते, खाली असेल तर थांबून राहते. परिणामी दिवसभर उत्तम चालणारा फलक रात्री वीज जाऊन आली की कधी उठतो, कधी उठत नाही. भारनियमनाच्या भागात या दोषाने किती त्रास होतो हे सांगावयास नको. तयार फलकावर क्रमांक १६ ची पिन घड्याळ आधी रोखून धरते ती याच कारणासाठी. घड्याळ बाहेरून न घेता ईएसपी ३२ नेच ते पुरवावे, अशीही एक मांडणी आहे; परंतु वायफाय चालू असताना ते घड्याळ अस्थिर होते. म्हणून जेथे दोन्ही हवे असतील तेथे ती मांडणी वापरू नये.

पत्त्याचा घोळ

दिवा लागतो, चिप सापडते आणि तरीही पत्ता ०.०.०.० असाच दिसत राहतो, असे झाल्यास राउटर पत्ता वाटतो आहे की नाही हे लॅपटॉप त्याच तारेला लावून पाहावे. लॅपटॉपलाही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर राउटरच वाटप करीत नाही असे ठरते. फलकाला कायमचा पत्ता लिहून दिलेला असेल तर तोच पत्ता दुसऱ्या कॅमेऱ्याला अथवा मोबाइलला गेलेला नाही ना, हे तपासावे. दोघांचा पत्ता एक झाला की दोघेही आळीपाळीने बंद पडतात. कायमचा पत्ता फलकात न लिहिता राउटरमध्येच राखून ठेवणे अधिक सोयीचे असते.

तार जोडली असता फलकातील वायफाय तसेच चालू ठेवण्याची रीत आहे. एकाला दुसरे आधार होईल असा त्यामागे विचार असतो, पण प्रत्यक्षात उलट घडते. ईएसपी ३२ च्या मूळ मांडणीत वायफायचा अग्रक्रम १०० व तारेचा ५० ठेवलेला आहे. दोन्ही जोडलेले असताना बाहेर जाणारी माहिती वायफायनेच जाते. दाट पिकामुळे वायफाय मरणप्राय झाले तरी ते पूर्ण तुटेपर्यंत चिप त्यालाच धरून बसते आणि शेजारी सुस्थितीतील तार रिकामी पडून राहते. प्रोग्राममध्ये हा क्रम उलटा करून घ्यावा, किंवा तार लागताच वायफाय बंद होईल अशी तजवीज करावी. तसेच तार काढून पुन्हा लावली असता फलक न उठवता जोडणी परत येते काय, हे फलक ताब्यात घेतानाच कारागिरासमोर दोन-तीन वेळा करून पाहावे.

दुरुस्तीसाठी फलक तालुक्याच्या ठिकाणी नेताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: फलकाच्या पिनांवर मोजलेले व्होल्टेज, जॅकवरील व स्विचवरील दिव्यांची स्थिती, आखूड तारेवर फलक चालला की नाही, आणि बिघाड वीज जाऊन आल्यावर झाला की एरवी. फलकासोबत त्याचा प्रोग्रामही संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला असावा. तसाच दुसरा फलक आधीच प्रोग्राम चढवून पेटीत तयार ठेवल्यास दुरुस्तीच्या काळात जरबेऱ्याला पंख्याची वाट पाहावी लागत नाही.